देवाच्या डोहात टाकलेला गळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शैलाला नाही — आणि बायको म्हणून तिला मी पोटातलं दुखणंसुद्धा ती विचारायच्या आधी सांगतो. चाकूरला आई आहे, भाऊ आहे, त्यांना तर नाहीच. एकदा एका माणसापुढं तोंड उघडलं होतं, पण ते सांगणं नव्हतं. ते काय होतं ते पुढं येईल, आणि तेव्हा तुला माझी किळस येईल. येऊ दे.

तू म्हणशील, चुकलेला माणूस रडतो, हा चिडतोय कशाला? मला रडता येत नाही असं नाही. पण रडलं की माणूस हलका होतो, आणि ह्या बाबतीत मला हलकं व्हायचं नाही. म्हणून चिडूनच सांगतो. जमेल तसं.

मी लिंगायत घरातला. आमच्या चाकूरच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. आणि मी मासे धरतो. खात नाही — धरतो आणि सोडतो. हे खूळ मला हिमाचलात लागलं. कुल्लूच्या बाजूला एका खोऱ्यात वीज प्रकल्पाचा बोगदा चालू होता, मी तिथं सिव्हिल इंजिनियर. क्वार्टरच्या खाली नदी होती. पाणी इतकं नितळ की आधी तळाच्या गोट्यांवर माशाची सावली दिसायची, आणि मग नजर वर नेली की मासा. ट्राउट. अंगावर तांबडे ठिपके, जणू कुणी कुंकवाचं बोट टेकवत गेलंय.

शेजारी नेगीजी म्हणून निवृत्त पोस्टमास्तर राहायचे, त्यांनी मला शिकवलं. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसं, लोकर, रेशमी दोरा गळाभोवती गुंडाळून खोटा किडा करायचा. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात, मी माशी म्हणतो. ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला वाटावं, झाडावरनं खरंच काहीतरी पडलं. माशीला वजन नसतं, वजन दोरीला असतं. दोरी मागं हवेत उलगडू द्यायची, थांबायचं, आणि मग पुढं सोडायची. त्या थांबण्यातच सगळी कला. आणि गळाच्या टोकाला एक उलटा दात असतो, मासा निसटू नये म्हणून — तो नेगीजी पकडीनं ठेचून टाकायचे. सोडायचाच आहे तर दात कशाला, म्हणायचे.

मला वाटायला लागलं की मी इतरांपेक्षा चांगला माणूस आहे. हसू नकोस, खरंच वाटायचं. जीव घेत नाही, नदी जपतो, पाण्यात उतरताना गोटासुद्धा हलवत नाही. आणि पगार कशाचा घेत होतो? त्याच नदीचं पाणी उचलून बोगद्यात घालायचा. बोगदा झाला तेव्हा खालची नदी गुडघ्याइतकी राहिली. नेगीजींनी मला त्यांची जुनी गळाची काठी भेट दिली. मी ती घेतली. लाज वाटली का? नाही वाटली. तीही आत्ता सांगताना वाटतीय.

प्रकल्प संपला, माझं काम संपलं. शैलाला किनवटकडच्या एका निवासी शाळेवर मुख्याध्यापिकेची जागा मिळाली आणि आम्ही पैनगंगेच्या काठच्या एका गावात येऊन पडलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत.

तर ही माझी नवी नदी. पहिल्या दिवशी काठावर गेलो आणि मला संताप आला. काळा कातळ, त्याच्यामधनं गढूळ, कोमट पाणी. वाळूवाल्यांनी पात्रात घर बसेल एवढे खड्डे केलेले. बाभळीच्या काट्यांना प्लास्टिक लटकलेलं. हिमाचलातनं आणलेल्या माझ्या नाजूक माश्या — मच्छराएवढ्या — ह्या पाण्यात कुणाला दिसणार? आठवडेच्या आठवडे गेलो, हाताला लागली चिलापी, तीही तळहाताएवढी. वळणावरच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय साहेब, आज किती सोडले?" आणि हसायचे. धरतो आणि सोडतो म्हणजे त्यांच्या लेखी मी येडाच होतो. पण माणूस म्हणून मान होता. मॅडमचे मिस्टर, इंजिनियर, पक्का शाकाहारी. पुराच्या वेळी पुलाला तडा गेला का बघायला मला न्यायचे. विहिरीला पाणी कुठं लागेल ते विचारायला यायचे, जे मला अजिबात कळत नाही — आणि मी सांगायचो.

किशन मला असाच भेटला. वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. आडदांड, मोठ्यानं बोलणारा, तोंडात कायम खर्रा. एका दुपारी मी कातळावर उभा असताना वरच्या अंगाला दणका झाला, छातीत हादरा बसला, आणि जरा वेळानं पाण्यावरनं पांढरी पोटं तरंगत आली. खदानीतली जिलेटिनची कांडी. मोठे मासे, बोटाएवढे मासे, अंडी भरलेल्या माद्या — सगळं एकाच भावात. किशन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गोणीत मासे भरत होता आणि गाणं म्हणत होता.

मी तिथनंच ओरडलो. पोलिसात देईन म्हटलं, आत घालीन म्हटलं. तो थांबलासुद्धा नाही.

"नदी तुमच्या बापाची हाय काय, साहेब?"

त्या दिवसापासून मी त्याचा द्वेष केला. चवीनं केला. ह्या गढूळ नदीचा, माझ्या रिकाम्या दिवसांचा, बायकोच्या पगारावर बसून खाण्याचा — सगळा राग मी त्या एका माणसावर आणून ठेवला. टपरीवर, शाळेत, सरपंचाच्या ओट्यावर, जिथं बसेन तिथं मी त्याचं नाव घेतलं. हा माणूस नदी मारतोय, एक दिवस देवाच्या डोहातही कांडी टाकेल बघा. हे वाक्य माझं आहे. पुढं गावानं ते वापरलं, पण बनवलं मी.

देवाचा डोह म्हणजे गावापासून थोडं वर, महादेवाच्या देवळाखाली नदीत एक खोल जागा आहे. भर उन्हाळ्यात सगळं पात्र वाळतं, हा डोह वाळत नाही. वर एक जुना उंबर वाकलेला. आणि आत महाशीर — ढोपरापासून पायाच्या बोटापर्यंत येईल एवढे लांब, सोनेरी, एकेक खवला रुपयाएवढा. गावात त्यांना कुणी महाशीर म्हणत नाही, देवाचे मासे म्हणतात. बायका कणकेच्या गोळ्या टाकतात, लेकरं चुरमुरे टाकतात. तिथं कुणी गळ टाकत नाही. किशननंही कधी टाकली नव्हती कांडी. चोरालाही एक घर वर्ज्य असतं.

आणि मग किशन बदलला. हे नीट ऐक, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

एक दिवस तो माझ्याजवळ कातळावर येऊन बसला. मी दोरी गुंडाळत राहिलो. तोच बोलला.

"सोडलं म्या, साहेब."

"काय सोडलं?"

"ते. कांडी. लक्ष्मीला दोनदा दिवस गेले अन् दोनदा पोट पडलं. ती म्हणती, तू पाण्यातली पिल्लं मारून राहिला म्हणून. डोहावर नेलं मला. महादेवापुढं आण घ्यायला लावली." मग म्हणाला, "गावात सांगू नका. बायकोच्या म्हणण्यानं चालतो म्हणून पोरं हसतील."

मी सांगितलं नाही. शैलालासुद्धा नाही. म्हणजे किशननं कांडी सोडली हे त्या गावात तिघांनाच ठाऊक होतं — त्याला, लक्ष्मीला आणि मला. त्यानंतर तो अधनंमधनं यायचा. एकदा माझी काठी मागितली, दोरी स्वतःच्याच मुंडाशात अडकवून घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो. मला तो आवडायला लागला होता, हे कबूल करायला नको वाटतं. द्वेष असता तर पुढचं निदान समजलं तरी असतं.

आता डोहाकडं येतो. येतो — टाळत नाही.

त्या उन्हाळ्यात खालचं सगळं पाणी आटलं. मला मासा हवा होता. मोठा, काठी कमानीसारखी वाकवणारा. मी डोहावर नुसता बसायला जायचो, लोकांसारखी कणीक टाकायचो, आणि बघत राहायचो. एकदा उंबराचं पिकलेलं फळ टप्पकन पाण्यात पडलं आणि खालनं एक सोनेरी पाठ वर आली, तोंड उघडलं, फळ गेलं. त्या दिवशी घरी आलो, शैलाची जुनी मफलर उसवली — तांबडी, हिमाचलात विणलेली — आणि गळाभोवती तिच्या लोकरीचा गोळा बांधला. कात्रीनं गोल केला. हुबेहूब उंबर. उलटा दात ठेचायला पक्कड हातात घेतली. आणि ठेवून दिली. एवढा मोठा मासा हातचा गेला तर? ट्राउटच्या वेळी दात ठेचायचो ते धर्म म्हणून नव्हे, तिथं मासे भरपूर होते म्हणून — हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही मी पक्कड ठेवून दिली.

पहाटे नव्हे, चोरासारखा अंधारातही नव्हे, चांगल्या उजाडलेल्या सकाळी गेलो. गाव लग्नाला शेजारच्या वस्तीवर गेलं होतं. देवळात कुणी नव्हतं. मी उंबराखाली उभा राहून एकदाच दोरी सोडली. टप्प. आणि पाणी फुटलं.

किती वेळ चाललं सांगता येत नाही. काठी हातातनं जाते की काय असं वाटत होतं. मी आनंदात होतो. हे लपवत नाही — त्या नदीवर मी त्याआधी आणि त्यानंतर कधी एवढा आनंदात नव्हतो. पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात माशाला दम लागतो, असं झुंजवत ठेवलं तर तो सोडल्यावरही मरतो, हे मला ठाऊक होतं. दोरी तोडून टाकता आली असती. मी तोडली नाही. मासा कातळाखाली घुसला, धागा खडकाला घासला आणि माशीच्या गाठीपाशी तुटला. मी हळहळलो. कशासाठी? फोटो राहिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचाचा माणूस घरी आला. देवाचा मासा मेलाय, साहेबांना बोलावलंय.

डोहावर सगळं गाव जमलं होतं. मासा पायरीवर काढून ठेवला होता, कुणीतरी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. बायका रडत होत्या. आणि किशनला दोघांनी धरून ठेवलं होतं, कारण निकाल आधीच लागलेला होता — एक दिवस देवाच्या डोहातही कांडी टाकेल, हे सगळ्यांच्या कानावर होतंच ना? मला फक्त शिक्का मारायला बोलावलं होतं. साहेबांना माशातलं कळतं.

मी गुडघ्यावर बसलो. तोंड उघडून बघितलं. वरच्या ओठात, आतल्या बाजूला, माझा तांबडा गोळा. गळ खोल रुतलेला, दातासकट.

एक म्हातारी वाकून बघत होती. तिनं विचारलं, "काय हाय वं तोंडात त्याच्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "उंबर."

आणि बोटांनी तो गळ फिरवून उपसला, मुठीत घेतला, मूठ खिशात घातली. बोटात टोचला, रक्त आलं, ते माशाचंच वाटलं असेल सगळ्यांना. आता तू म्हण, घाबरून गप्प राहिलास एवढंच ना? नाही. एवढंच असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो. मी माशाच्या पोटावरनं हात फिरवला, डॉक्टर फिरवतो तसा, आणि सरपंचाकडं बघून म्हणालो, "आतली हवेची पिशवी फुटलीय. दणक्यानं फुटते अशी."

कुणीतरी मागनं म्हणालं, एकच कसा मेला मग?

"बाकीचे तळाला गेले असतील," मी म्हणालो.

कुणी विचारलं नव्हतं एवढं. मी पुरवलं. शिकलेला होतो, म्हणून खोटंही बारकाव्यासकट बोलता आलं.

किशननं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तो अजून माझ्यावर विसंबून होता. "साहेब, तुम्ही सांगा की. तुम्हाला माहिती हाय, म्या सोडलंय. सांगा की, साहेब."

सगळे माझ्याकडं वळले. एवढंच म्हणायचं होतं — हो, त्यानं सोडलंय. गळाचं नाव नको, माझं नाव नको, एवढंच. पण त्यानं नाही तर मग कुणी? हा प्रश्न लगेच आला असता. आणि मला तो येऊ द्यायचा नव्हता. चाकूरला कळलं असतं. शैलाला शाळेत तोंड दाखवता आलं नसतं. मी — मी धरतो आणि सोडतो म्हणणारा माणूस — मला ते माझ्याबद्दल ऐकायचं नव्हतं.

"मला काय माहिती तू काय सोडलंस?" मी म्हणालो.

मग मारलं त्याला. चपलांनी, ट्रॅक्टरच्या पट्ट्यानं, हातानं. देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलं. एकानं कानावर असा तडाखा दिला की तो वाकडा होऊन बसला आणि कान धरून तसाच बसून राहिला. तेव्हा मी म्हणालो, "पुरे करा आता." लोक थांबले. आणि म्हणाले, साहेबांचं मन मोठं. मी त्यांच्यावर अजून चिडतो. एकालाही वाटू नये की ह्या माणसाचा हात खिशात का आहे? एवढ्या मोठ्या गावात एकही डोळा असा नसावा? पण हे पण पुन्हा दुसऱ्यावर ढकलणंच झालं. जाऊ दे.

घरी आल्यावर शैलानं ताट वाढलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही नीट बघितलं ना? खात्री आहे ना?" तिला संशय नव्हता. ती शिक्षिका आहे, पोराला शिक्षा झाली की आधी विचारते, दोष पक्का आहे ना. मी ताट ढकलून दिलं. माझ्यावर विश्वास नाही का, तुला माशातलं काय कळतं, असं काय काय बोललो. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. आणि ओरडताना मला बरं वाटत होतं, कारण चिडलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. राग हा माझा जुना आडोसा आहे. आत्ताही त्याच्याच मागं उभा राहून बोलतोय, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच.

लक्ष्मी आली ती त्यानंतर एका दुपारी. दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. किशनचं ट्रॅक्टरचं काम गेलं होतं. किराणावाला सामान देत नव्हता, पिठाच्या गिरणीत तिचा डबा मागं ठेवत होते. तिला दिवस गेलेले दिसत होते.

"साहेब, तुमच्या एका शब्दावर गाव थांबंल. तुम्हाला सांगितलं होतं त्यानं. मला म्हणला होता, साहेबाला सांगून आलो म्हणून."

शैला माझ्या शेजारीच उभी होती. माझ्याकडं बघत होती.

"मला तसलं काही बोलल्याचं आठवत नाही," मी म्हणालो.

लक्ष्मी रडली नाही, हात जोडले नाहीत, शाप दिला नाही. माझ्याकडं नीट बघितलं, पदर सारखा केला आणि गेली. मला वाटतं तिला कळलं. काय कळलं ते नाही, पण हा माणूस खोटा आहे एवढं कळलं. त्या गावातली ती एकटी.

किशन-लक्ष्मी गाव सोडून गेले. मी त्यांना जाताना बघितलं, किनवटच्या स्टेशनावर. भाऊ चाकूरहून येणार होता, त्याला आणायला गेलो होतो. फलाटावर किशन बोचक्यांवर बसलेला. मला बघून त्यानं हात केला. लक्ष्मीनं तोंड फिरवलं. आदिलाबादच्या पुढं कापसाच्या जिनिंगवर काम मिळतंय म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो. डाव्या बाजूला. त्याचा डावा कान गेला होता. हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं.

तो समोर रुळांकडं बघत म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई, साहेब. तेव्हा न्हाई टाकली, पण आधी लई टाकल्या. त्याचंच हाय हे. देवानं उशिरा धरलं. ह्या लेकराच्या आधी फिटलं, बरं झालं."

आणि मला काय वाटलं माहितीय? बरं वाटलं. छातीवरनं धोंडा उतरल्यासारखं. त्यानं माझं पाप स्वतःच्या हातानं उचलून स्वतःच्या खात्यावर टाकलं आणि मला हायसं वाटलं. त्याच क्षणी मला त्याचा भयंकर रागही आला — मार खाऊन, कान घालवून, घर सोडून हा म्हणतो बरं झालं? ओरड ना माझ्यावर. धर ना माझी गचांडी.

मग मी बोललो. अगदी हळू, ओठसुद्धा न हलवता म्हणालो, "तो मासा माझ्या गळानं मेला, किशन."

डाव्या बाजूनं.

त्याला काहीतरी पुटपुटल्यासारखं जाणवलं असावं. तो वळला, चांगला कान पुढं केला. "काय म्हणलात, साहेब?"

गाडी आली म्हणून राहिलं, असं सांगता आलं असतं. पण गाडी लेट होती. फलाटावर धड गर्दीही नव्हती. तो कान पुढं करून थांबला होता, अगदी आज्ञाधारक पोरासारखा, आणि माझ्याकडं हवा तेवढा वेळ होता.

"काही नाही," मी म्हणालो. "जपून जा."

तर हे ते सांगणं, जे सांगणं नव्हतं. चुकून त्या बाजूला बसलो नव्हतो.

त्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मूल झालं का, जगलं का, माहीत नाही. शोधायला गेलो असतो तर सापडले असते. आदिलाबाद काही परदेशात नाही. गेलो नाही. मासे धरणं सोडलं असतं तर निदान काहीतरी केलं असं म्हणता आलं असतं, तेही सोडलं नाही. पाऊसपाणी झालं की खालच्या अंगाला जातो, आता बऱ्यापैकी लागतात. शैलानं त्या दुपारनंतर कधी विचारलं नाही. फक्त आता ती मला माशांबद्दल काही विचारत नाही. पूर्वी विचारायची.

गावानं डोह जपायला मंडळ काढलं आणि मला अध्यक्ष केलं. मी नको म्हटलं, त्यांनी तो विनय समजला. देवळाच्या भिंतीवर रंगानं नाव आहे माझं. महाशिवरात्रीला डोहावर यात्रा भरते, पहिली कणकेची गोळी अध्यक्षांनी टाकायची असा रिवाज पडलाय. ह्या वर्षीही टाकली. मासे वर आले, माझ्या सावलीला घाबरले नाहीत. मग शाळेच्या लेकरांना पायरीवर बसवून पुजाऱ्यानं दरवर्षीची गोष्ट सांगितली — किशन नावाचा एक पापी माणूस होता, त्यानं देवाच्या माशावर कांडी टाकली, आणि देवानं त्याचा कान घेतला. लेकरं डोळे मोठे करून ऐकत होती. शैला त्यांच्या मागं उभी होती, हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत.

गोष्ट संपली. पुजारी माझ्याकडं वळला. "साहेबांनी सोता बघितलंय. हाव ना, साहेब?"

मी मान हलवली.